परदेशी शेअर्स विकताय? भारतातला कॅपिटल गेन टॅक्स पायरीपायरीने

हिंजवडी असो, खराडी असो नाहीतर मगरपट्टा, दुपारच्या जेवणाच्या टेबलावर आरएसयूचा, म्हणजे कंपनी पगारासोबत टप्प्याटप्प्याने देते त्या शेअर्सचा, विषय निघाला नाही असा दिवस विरळा. किती व्हेस्ट झाले (म्हणजे खरोखर आपल्या नावावर आले), रात्री नॅसडॅकला काय भाव होता, विकू की ठेवू, सगळी चर्चा होते. टॅक्सचं नाव मात्र जुलै उजाडल्यावर निघतं आणि मग ब्रोकरच्या साइटवरून स्टेटमेंट काढा, डॉलरचा रेट शोधा, सीएला फोन लावा अशी पळापळ. तर पहिल्यांदाच परदेशी शेअर्स विकले असतील किंवा विकायचा विचार असेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय. खालचे आकडे आणि फॉर्म २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या रिटर्नचे धरलेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा जुना कायदा जाऊन आयकर कायदा २०२५ आलाय, कलमांचे नंबर बदललेत, असेसमेंट इयर (आर्थिक वर्ष संपल्यावरचं, रिटर्न भरायचं वर्ष) जाऊन टॅक्स इयर आलंय, पण २०२५-२६ चा हिशोब जुन्याच कायद्याने होणार.

सुरुवातीलाच दोन समजुती डोक्यातून काढून टाका. एक म्हणजे "कंपनीने व्हेस्टिंगच्या वेळी टॅक्स कापलाय, आता माझं काही देणं नाही". तो टॅक्स पगाराचा होता, विक्रीतल्या नफ्याचा, म्हणजे कॅपिटल गेनचा, नाही. दुसरी म्हणजे "पैसे अजून अमेरिकेतल्या खात्यातच आहेत, भारतात आणलेच नाहीत तर टॅक्स कसला". असं नसतं हो. तुम्ही इथले पक्के रहिवासी असाल तर जगात कुठेही कमावलेलं उत्पन्न भारतात दाखवावं लागतं, पैसे आणा नाहीतर तिथेच ठेवा.

पायरी १: आधी बघा, त्या वर्षी तुम्ही रहिवासी आहात का

बहुतेकांसाठी हे एका मिनिटाचं काम आहे, वर्षभर पुण्यात राहिलात, म्हणजे रेसिडेंट, चला पुढच्या पायरीवर. पण ऑनसाइटहून परत आलेल्यांनी इथे जरा थांबा, कारण खरे पैसे वाचायची जागा इथेच आहे आणि लोक नेमकं इथेच घाईने पुढे जातात.

रेसिडेंटमध्ये दोन प्रकार असतात, एक ऑर्डिनरिली रेसिडेंट आणि दुसरा नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट, ज्याला सगळे आरएनओआर म्हणतात. आधीच्या १० आर्थिक वर्षांपैकी ९ वर्षं तुम्ही एनआरआय होतात, किंवा आधीच्या ७ वर्षांत मिळून भारतात ७२९ दिवस किंवा त्याहून कमी राहिलात, तर परत आल्यावरही तुम्ही आरएनओआर राहता. बरीच वर्षं बाहेर काढून आलेल्या माणसाला हे साधारण दोन, कधीकधी तीन वर्षं मिळतं. या काळात परदेशातले शेअर्स विकले आणि पैसे परदेशातल्याच खात्यात जमा झाले तर त्या नफ्यावर भारतात टॅक्स नाही. अमेरिकेचं म्हणाल तर, तुम्ही तिथले टॅक्स रेसिडेंट राहिला नसाल, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसेल, तर साध्या शेअर विक्रीवर तेही काही घेत नाहीत. म्हणजे सिएटल किंवा डॅलसला दहा वर्षं काढून बाणेरला परत आलेला माणूस, ज्याच्या खात्यात जुने शेअर्स चारपट होऊन बसलेत, त्याने ते आरएनओआर असताना विकले तर आणि स्टेटस संपल्यावर विकले तर, यात लाखोंचा फरक पडू शकतो. पासपोर्टवरचे शिक्के मोजा, एक्सेलमध्ये दिवस मांडा आणि मगच ठरवा. स्टेटस दर आर्थिक वर्षाला नव्याने ठरतं हेही लक्षात ठेवा. ग्रीन कार्ड अजून खिशात असेल तर मात्र हे सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू होत नाही, अमेरिका तुम्हाला आपलाच समजते, तेव्हा दोन्हीकडचं जाणणारा माणूस गाठा.

इथून पुढचं सगळं ऑर्डिनरिली रेसिडेंट धरून लिहितोय.

पायरी २: शेअर आला कुठून, त्यावर त्याची खरेदी किंमत ठरते

आरएसयू असेल तर व्हेस्ट झालेल्या दिवशीची किंमत कंपनीने तुमच्या पगारात पर्क्विझिट, म्हणजे रोख पगाराशिवायचा लाभ, म्हणून धरलेली असते, फॉर्म १६ सोबतच्या फॉर्म १२बीएमध्ये ती दिसते. तीच तुमची खरेदी किंमत. "मला तर फुकट मिळाले, मग खरेदी शून्य" असं करून लोक पूर्ण रकमेवर परत टॅक्स भरतात, म्हणजे एकाच पैशावर दोनदा. गंमत म्हणजे ब्रोकरच्या साइटवरसुद्धा कॉस्ट बेसिस, म्हणजे खरेदी किंमत, बऱ्याचदा शून्य किंवा कमी दाखवतात, कारण तो हिशोब अमेरिकन कर्मचाऱ्यासाठी केलेला असतो. त्या कॉलमवर विसंबू नका.

सेल टू कव्हर काय असतं तेही समजून घ्या. समजा ६० शेअर्स व्हेस्ट झाले आणि कंपनीने टॅक्ससाठी २० विकून ४० तुमच्या खात्यात टाकले. पगारात धरलेत ६० चे पैसे, खात्यात दिसतायत ४०. ते २० सुद्धा तुमच्याच नावाने विकले गेलेत, त्याच दिवशी विकल्यामुळे नफा जवळपास शून्य असेल, पण विक्री म्हणून नोंद करायची.

ईएसपीपीमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीच्या शेअर खरेदी योजनेत, १० किंवा १५ टक्के डिस्काउंटने शेअर मिळतो, तो डिस्काउंट पगारात धरून त्यावर टॅक्स कापलेला असतो, त्यामुळे खरेदी किंमत म्हणजे त्या दिवशीचा पूर्ण बाजारभाव, तुम्ही भरलेली कमी रक्कम नाही.

आणि तुम्ही स्वतः बँकेतून डॉलर पाठवून, म्हणजे एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेतून, एखाद्या ॲपवर शेअर्स घेतले असतील तर जे भरलं ती किंमत. एलआरएसची मर्यादा माणशी वर्षाला २,५०,००० डॉलर. वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवले की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घेतलेला टॅक्स, कापतात, १५ लाख पाठवले तर ५ लाखांवर १ लाख. हे बघून लोक घाबरतात, पण हा जास्तीचा टॅक्स नाहीये, तो २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या टॅक्सच्या स्टेटमेंटमध्ये, दिसतो आणि रिटर्नमध्ये वळता होतो किंवा परत मिळतो. नोकरदार असाल तर कंपनीला कळवून पगारातला टीडीएस तेवढा कमी करून घेता येतो, ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे, एचआरला विचारा, त्यांनाच माहीत नसेल तर मेलवर लिहून द्या. टीसीएस शेअरच्या खरेदी किमतीत मात्र धरायचा नाही. आणखी एक, बायकोच्या नावाने तिची मर्यादा वापरून पैसे पाठवले आणि पैसे मुळात तुमचे असतील तर नफा तुमच्याच उत्पन्नात मिळवला जातो. क्लबिंग म्हणतात त्याला, त्यात टॅक्स वाचत नाही.

पायरी ३: दोन वर्षं झाली का

आपल्याकडचे लिस्टेड शेअर १२ महिन्यांनी लाँग टर्म होतात, ते डोक्यात पक्कं बसलेलं असतं. परदेशातला शेअर, मग तो न्यूयॉर्कला कितीही मोठ्या नावाने लिस्टेड असो, भारतातल्या एक्स्चेंजवर नाही म्हणून अनलिस्टेडसारखा धरतात, आणि त्याला २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ लागतो. मोजायला सुरुवात व्हेस्ट होऊन शेअर तुमच्या नावावर आला त्या दिवसापासून, ग्रँट लेटर, म्हणजे शेअर्स देऊ असं कंपनीचं पत्र, मिळालं त्या दिवसापासून नाही.

२४ महिन्यांच्या वर, तर १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही. (२३ जुलै २०२४ च्या आधी विकलेल्यांना २० टक्के आणि इंडेक्सेशन होतं, जुने लेख वाचून गोंधळू नका.) त्याच्या आत विकलं तर नफा सरळ पगारात मिळवून तुमच्या स्लॅबने टॅक्स. वर ४ टक्के सेस, आणि उत्पन्न ५० लाखांच्या वर असेल तर सरचार्ज.

दोन सवलती इथे मिळत नाहीत आणि बरेच जण त्या गृहीत धरून बसतात. भारतीय शेअर्सवरच्या लाँग टर्म नफ्यात पहिले १.२५ लाख माफ असतात, ते परदेशी शेअर्सना नाही, पहिल्या रुपयापासून टॅक्स. आणि शॉर्ट टर्मचा २० टक्क्यांचा खास दरही नाही, तो एसटीटी, म्हणजे भारतीय बाजारातल्या व्यवहारावरचा कर, भरलेल्या शेअर्ससाठी आहे.

प्रत्येक व्हेस्टिंगचा लॉट वेगळा असतो, त्यामुळे एकाच दिवशी विकलेल्या १०० शेअर्सपैकी ६० लाँग टर्म आणि ४० शॉर्ट टर्म असं होऊ शकतं. साधारणपणे जुना लॉट आधी गेला असं धरतात. विकायच्या आधी लॉटच्या तारखा बघा, दोन आठवडे थांबल्याने दर ३० वरून १२.५ वर येणार असेल तर थांबायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, शेअर पडायची भीती असेल तर टॅक्सपायी अडकून राहण्यातही अर्थ नाही.

पायरी ४: डॉलरचे रुपये कसे करायचे

गूगलवर दिसला तो रेट चालत नाही. आयकर नियम ११५ प्रमाणे स्टेट बँकेचा टेलिग्राफिक ट्रान्सफर बाइंग रेट (बँक डॉलर विकत घेते तो दर) घ्यायचा, आणि तोही विकलं त्या दिवशीचा नाही, विकलं त्या महिन्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा. जूनमध्ये विकलं तर ३१ मेचा. शेवटच्या दिवशी बँकेला सुट्टी असेल तर त्याआधीचा जो उपलब्ध असेल तो धरतात. स्टेट बँक रोज रेट कार्ड काढते, पण जुनी कार्डं नंतर शोधायला जीव जातो, म्हणून दर महिनाअखेरीचं कार्ड डाउनलोड करून एका फोल्डरला टाकत जा, पुढच्या जुलैत तुमचं तुम्हालाच बरं वाटेल.

खरेदीच्या बाजूला आरएसयू असेल तर पगारात धरलेला रुपयातला आकडाच घ्या. एलआरएसने घेतलेल्या शेअर्सच्या खरेदीला कुठला रेट लावायचा यावर सीए लोकांत दोन मतं आहेत, काही जण प्रत्यक्ष बँकेने लावलेला रेट धरतात, काही जण इथेही आधीच्या महिनाअखेरीचा. एक पद्धत पकडा आणि दरवर्षी तीच ठेवा, सोयीप्रमाणे बदलू नका.

आता आकड्यांत बघू, रेट सोपे म्हणून मनाने धरलेत. मे २०२३ मध्ये ४० शेअर्स व्हेस्ट झाले, भाव १०० डॉलर, रेट ८२. खरेदी झाली ३,२८,००० रुपये. जून २०२५ च्या शेवटी विकले, भाव १५० डॉलर, रेट ८५. विक्री ५,१०,०००. नफा १,८२,०००, दोन वर्षं होऊन गेलीत म्हणून १२.५ टक्के, २२,७५० आणि त्यावर सेस ९१०, एकूण २३,६६० रुपये. हेच शेअर्स त्याच भावाला आणि त्याच रेटला दोन वर्षं व्हायच्या आधी विकले असते आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबला असता तर ५४,६०० अधिक सेस २,१८४, म्हणजे ५६,७८४. फरक ३३ हजारांच्या वर.

आणि आता हे बघा, समजा भाव हललाच नाही, १०० चा १०० राहिला. डॉलरमध्ये नफा शून्य. पण रुपया ८२ वरून ८५ झाला, म्हणून ४० शेअर्सवर १२,००० रुपये नफा धरला जाणार आणि त्यावर टॅक्स लागणार. हे ऐकून लोक वैतागतात, पण हिशोब रुपयात होतो त्यामुळे रुपया घसरल्याचा फायदाही नफ्यातच येतो. इतकंच काय, कधीकधी डॉलरमध्ये थोडा तोटा असूनही रुपयात नफा निघतो.

अजून एक बारीकसारीक वाटणारी पण अडचण करणारी गोष्ट. मार्चअखेरीला अमेरिकेचा बाजार आपल्याकडे संध्याकाळी ७ ते रात्री १:३० चालतो. ३१ मार्चला रात्री साडेबाराला तुम्ही विकलं तर ब्रोकरच्या कागदावर ३१ मार्च आणि तुमच्या घड्याळात १ एप्रिल. कुठल्या वर्षात धरायचं यावर उगाच वाद. त्या रात्री विकूच नका, एक दिवस इकडे नाहीतर तिकडे.

पायरी ५: समोरचा देश काय कापतो

अमेरिका, नॉन-रेसिडेंट माणसाच्या साध्या शेअर विक्रीच्या नफ्यावर काही घेत नाही. फक्त डब्ल्यू-८बेन हा फॉर्म ब्रोकरकडे भरलेला हवा, की बाबा मी भारताचा रहिवासी आहे. हा फॉर्म सही केल्याच्या वर्षानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाच्या शेवटापर्यंत चालतो, मग परत भरायचा. ब्रोकरचा मेल येतो आणि आपण तो जाहिरात समजून उडवतो, तसं करू नका.

डिव्हिडंडवर मात्र अमेरिका २५ टक्के कापूनच पैसे देते, १९८९ च्या भारत-अमेरिका करारातला हा दर आहे. फॉर्म नसेल तर ३० कापतात. खात्यात ३० डॉलर दिसले तरी डिव्हिडंड ४० चा होता, १० कापले गेले. भारतात उत्पन्न म्हणून ४० दाखवायचे, ३० नाही, आणि कापलेल्या १० चं क्रेडिट घ्यायचं. तुम्ही ३० टक्के स्लॅबला असाल तर ४० वर १२ डॉलरएवढा टॅक्स आणि सेस होतो, त्यातून १० वजा, उरलेला इथे भरायचा. स्लॅब २० चा असेल तर इथे टॅक्सच साधारण ८ चा होतो, मग क्रेडिट तेवढंच, वरचे गेले ते गेले.

चाकण, पिंपरी, तळेगाव पट्ट्यात जर्मन कंपन्यांत काम करणाऱ्यांना मूळ कंपनीचे शेअर्स मिळतात, त्यांचा किस्सा वेगळा आहे. जर्मनी डिव्हिडंडवर २५ टक्के आणि त्यावर सॉलिडॅरिटी सरचार्ज धरून २६.३७५ टक्के कापते, पण भारताशी असलेल्या करारात हक्क फक्त १० टक्क्यांचा आहे. भारतात क्रेडिट १० टक्क्यांपर्यंतच मिळणार, उरलेलं जर्मन टॅक्स खात्याकडून अर्ज करून परत मागायचं. वर्षाला वीसेक युरोसाठी कोणी तो उपद्व्याप करत नाही, रक्कम मोठी असेल तरच त्या वाटेला जा. विक्रीच्या नफ्यावर जर्मनी किरकोळ, म्हणजे १ टक्क्याहून कमी हिस्सा असलेल्या परदेशी शेअरधारकाकडून काही घेत नाही. ब्रिटनमधल्या साध्या कंपन्यांच्या डिव्हिडंडवर कापणीच नाही, त्यामुळे क्रेडिटचा प्रश्न नाही, पूर्ण टॅक्स इथे.

जाता जाता, यात कॅपिटल गेन नाही पण कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. अमेरिकन शेअर्स नावावर असताना माणूस गेला तर अमेरिका इस्टेट टॅक्स लावते, आणि परदेशी माणसाला सूट फक्त ६०,००० डॉलरची आहे, दर ४० टक्क्यांपर्यंत जातो, भारताशी या टॅक्सचा करार नाही. मोठी रक्कम एकाच खात्यात साठवून ठेवणाऱ्यांनी घरच्यांना निदान खातं कुठे आहे ते सांगून ठेवा.

पायरी ६: टॅक्स कधी भरायचा

परदेशी ब्रोकर भारताचा टीडीएस कापत नाही, आणि कंपनीही तुमच्या विक्रीचा विचार करत नाही, त्यामुळे ॲडव्हान्स टॅक्स तुमचा तुम्ही. वर्षाचा उरलेला टॅक्स १०,००० रुपये किंवा जास्त असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च असे हप्ते आहेत. नफा कधी होणार हे आधी कळत नाही हे कायद्यालाही मान्य आहे, म्हणून विकल्यानंतरच्या पुढच्या हप्त्यापासून भरलं तर मागच्या हप्त्यांचं व्याज लागत नाही, आणि १५ मार्चनंतर विकलं तर ३१ मार्चपर्यंत भरा. पोर्टलवर ई-पे टॅक्समधून यूपीआयने, नेट बँकिंगने दोन मिनिटांत होतं. जुलैपर्यंत थांबलात तर कलम २३४बी आणि २३४सी खाली महिन्याला १ टक्का व्याज धरतात.

पायरी ७: रिटर्न

आयटीआर-१ विसरा. परदेशात एक शेअर जरी असेल तरी आयटीआर-२, धंदा-व्यवसाय असेल तर आयटीआर-३. यात पाच ठिकाणी हात घालावा लागतो: नफा शेड्यूल सीजीमध्ये, डिव्हिडंड इतर उत्पन्नात, हीच परदेशी उत्पन्नं देशाप्रमाणे एफएसआयमध्ये, बाहेर कापलेला टॅक्स टीआरमध्ये, आणि मालमत्ता एफएमध्ये. डिव्हिडंडचं क्रेडिट हवं असेल तर फॉर्म ६७ वेगळा ऑनलाइन भरायचा, सोबत ब्रोकरचं १०४२-एस (अमेरिकेत कापलेल्या टॅक्सचा दाखला) किंवा स्टेटमेंट. त्याची मुदत असेसमेंट वर्षाच्या शेवटापर्यंत आहे, पण रिटर्नच्या आधी भरून टाकलेलं बरं, नाहीतर क्रेडिट धरलं नाही म्हणून डिमांड, म्हणजे जास्तीच्या टॅक्सची मागणी, येते आणि मग उत्तरं देत बसा.

सगळ्यात जास्त गोंधळ शेड्यूल एफएचा. बाकी रिटर्न एप्रिल ते मार्च, पण हे शेड्यूल जानेवारी ते डिसेंबर. म्हणजे २०२५-२६ च्या रिटर्नमध्ये एफएला २०२५ हे कॅलेंडर वर्ष. फेब्रुवारी २०२६ मध्ये व्हेस्ट झालेले शेअर्स त्यात येणार नाहीत, ते पुढच्या वर्षी, पण फेब्रुवारी २०२६ मध्ये जुने विकून झालेला नफा मात्र याच रिटर्नच्या सीजीमध्ये येणार. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये विकून टाकलेले, म्हणजे ज्यांचा टॅक्स मागच्या वर्षीच भरून झालाय, ते एफएमध्ये यंदाही दिसणार, कारण २०२५ मध्ये ते काही दिवस तुमच्याकडे होते. दोन्ही शेड्यूलचे आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका, ते जुळायचेच नसतात.

शेअर्स ए३ या तक्त्यात, ब्रोकरकडचं खातं आणि त्यात पडून असलेले डॉलर ए२ मध्ये. ए३ मध्ये प्रत्येक लॉटची वेगळी ओळ: कंपनीचं नाव, पत्ता, पिनकोडच्या जागी झिप कोड, घेतल्याची तारीख, सुरुवातीची किंमत, वर्षातली सर्वात जास्त किंमत, ३१ डिसेंबरची किंमत, मिळालेला डिव्हिडंड, विक्रीची रक्कम. दर तिमाहीला व्हेस्टिंग असलेल्या माणसाच्या चार वर्षांत सहज १६ ओळी होतात. कंटाळवाणं आहे, मान्य, पण एकदा शीट बनवली की दरवर्षी चार ओळी वाढवायच्या.

नफा झाला नाही, काही विकलंच नाही, तरी एफए भरावं लागतं. न भरल्यास काळा पैसा कायदा २०१५ खाली १० लाखांचा दंड आहे, तोही वर्षागणिक. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही, पण म्हणून शेड्यूल भरणं माफ झालेलं नाही. आणि "त्यांना कसं कळणार" हा प्रश्न आता जुना झाला. अमेरिकेकडून फॅटकाखाली आणि बाकी देशांकडून सीआरएसखाली (दोन्ही देशादेशांत खात्यांची माहिती द्यायच्या व्यवस्था) खात्यांची माहिती आपोआप येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर खात्याने परदेशी मालमत्ता न दाखवणाऱ्यांना एसएमएस आणि मेल पाठवायची मोहीमच काढली होती. असा मेल आला तर आधी पोर्टलवर लॉगिन करून खरा आहे का बघा, आणि खरा असेल तर मुदतीत रिव्हाइज्ड रिटर्न भरून मोकळे व्हा.

तोटा झाला असेल, किंवा फ्लॅट घ्यायचा असेल तर

शॉर्ट टर्म तोटा शॉर्ट आणि लाँग दोन्ही नफ्यातून वजा होतो, लाँग टर्म तोटा फक्त लाँग टर्म नफ्यातून. तोटा परदेशी शेअरचा आणि नफा भारतीय शेअरचा असला तरी चालतं. उरलेला तोटा ८ वर्षं पुढे नेता येतो, फक्त रिटर्न मुदतीत, म्हणजे एरवी ३१ जुलैपर्यंत, भरलेलं हवं.

पुण्यात बऱ्याच जणांचे आरएसयू शेवटी वाकड, पुनावळे नाहीतर वाघोलीच्या फ्लॅटमध्येच जातात. तसं करणार असाल तर कलम ५४एफ बघा. लाँग टर्म शेअर्स विकून आलेली सगळी रक्कम, नुसता नफा नाही, भारतातल्या एका घरात घातली तर नफ्यावरचा टॅक्स माफ होतो, थोडी घातली तर त्या प्रमाणात. घर विक्रीच्या आधी १ वर्ष किंवा नंतर २ वर्षांत विकत घ्यायचं, बांधून घेत असाल तर ३ वर्षांत पूर्ण व्हायला हवं, आणि आपले बिल्डर ताब्याची तारीख कशी पाळतात ते मी सांगायला नको. शेअर्स विकले त्या दिवशी नवीन घर सोडून तुमच्या नावावर एकापेक्षा जास्त घरं नकोत. रिटर्नच्या तारखेपर्यंत पैसे घरात गेले नसतील तर बँकेत कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीमचं खातं उघडून त्यात ठेवावे लागतात, साध्या एफडीत ठेवून चालत नाही. गावाकडच्या घरात भावांबरोबर हिस्सा असेल तर तो एक घर धरायचा का, हा वादाचा मुद्दा आहे, विकायच्या आधीच विचारा.

एवढं सगळं नकोसं वाटत असेल आणि फक्त अमेरिकन बाजारात पैसे लावायची हौस असेल, तर परदेशात गुंतवणारे भारतीय म्युच्युअल फंडांचे फंड ऑफ फंड्स (दुसऱ्या फंडांत पैसे लावणारे फंड) आहेत, तिथेही २४ महिन्यांनंतर १२.५ टक्केच, पण एफए नाही, डब्ल्यू-८बेन नाही, रेट कार्ड नाही. आरएसयूवाल्यांना ही पळवाट नाही, ते मिळतात तिथेच मिळतात.

सीएकडे जाताना ब्रोकरचं एप्रिल ते मार्च आणि जानेवारी ते डिसेंबर अशी दोन्ही स्टेटमेंट, फॉर्म १६ आणि १२बीए, १०४२-एस, टीसीएसची नोंद असलेलं २६एएस आणि लॉटची शीट एवढं घेऊन जा. फी ठरवायच्या आधी एकच विचारा, शेड्यूल एफए तुम्ही स्वतः भरता का आणि ए३ मध्ये प्रत्येक लॉट वेगळा टाकता का. "ते काही लागत नाही हो" असं उत्तर आलं तर चहा घ्या, आभार माना आणि दुसरा सीए शोधा.